बँडमास्तरांच्या नावानं चांगभलं!

बँड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वरात उभी राहते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, गाल फुगवून ट्रम्पेट फुंकणारे काका आणि त्यांच्या तोंडासमोर दहाची नोट नाचवणारे नवरदेवाचे मामा. अमेरिकेतल्या शाळकरी पोराला मात्र वेगळंच काही आठवतं. अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येकीपुढे कागद ठेवायचा स्टँड आणि समोर हातात काडी घेतलेले सर. याला तिकडे कॉन्सर्ट बँड म्हणतात. पन्नास-साठ मुलं, सगळी फुंकायची नाहीतर ठोकायची वाद्यं. व्हायोलिनांना प्रवेश नाही. त्यांचं काम क्लॅरिनेटची फौज करते. कार्यक्रम बघायला आलेल्या गावाला सरांची फक्त पाठ दिसते.

आपल्याकडे आवडते सर निवृत्त झाले की शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. तिकडे माजी विद्यार्थी कधीकधी पैसे जमवून सरांसाठी नवी रचना लिहून घेतात. छापील कागदावर रचनेच्या नावाजवळ बारीक तिरक्या अक्षरांत एक ओळ येते : अमक्या सरांना, तमक्या बाईंना. घड्याळातला सेल वर्षभरात संपतो. या ओळी मात्र जगभर फिरत राहतात. मी अशा ओळींच्या मागे लागले आणि भलत्याच गोष्टी हाती आल्या.

जर्दाळू, तितर आणि बेगियन सर

सगळ्यात आधी माझी लाडकी गोष्ट. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात कॅस टेक नावाची सरकारी शाळा आहे. तिथे १९४७ ते १९६४ अशी सतरा वर्षं हॅरी बेगियन यांनी बँड शिकवला. आईवडील आर्मेनियन. पुढे ते इलिनॉय विद्यापीठाच्या बँडचे प्रमुख झाले. संगीतकार आल्फ्रेड रीड यांनी १९७२ मध्ये त्यांच्यासाठी एक रचना लिहिली, 'आर्मेनियन डान्सेस'. १० जानेवारी १९७३ला बेगियन यांच्याच बँडनं ती पहिल्यांदा वाजवली.

रीड यांनी सरांची स्तुती करणारी भव्य धून वगैरे रचली नाही. त्यांनी सरळ सरांच्या आजोळच्या मातीत हात घातला. कोमितास नावाच्या आर्मेनियन धर्मगुरूनं खेडोपाडी फिरून लोकगीतं जमवली होती. १९१५ साली ऑटोमन राजवटीनं आर्मेनियन मंडळींची धरपकड केली, तीत तोही पकडला गेला, जीव वाचला, पण मन कायमचं कोलमडलं. १९३५ साली तो पॅरिसमध्ये वारला. त्याच्या गाठोड्यातली पाच गाणी रीड यांनी उचलली. पहिलं जर्दाळूच्या झाडाचं, दुसरं तितराचं, तिसरं नाझान नावाच्या मुलीचं, चौथं आलाग्याझ डोंगराचं आणि पाचवं 'जा, जा' म्हणणारं चेष्टेखोर. तितराचं गाणं तर खुद्द कोमितासनं रचलेलं, लहान मुलांनी गावं म्हणून.

नाझानच्या गाण्यात खरी परीक्षा असते. सहा मात्रांचा छान झोका आणि कुणीतरी एक मात्रा खिशात घातल्यासारखा पाचाचा फेरा यांची सतत अदलाबदल चालते. ज्यांचा पाय जमिनीवर ताल धरून बसलेला असतो, त्यांचा पाय हवेतच राहतो. मागे डफली घेऊन उभा असलेला मुलगा ओठांनी आकडे मोजताना दिसतो. चुकला तर अख्खा बँड लंगडतो, जमलं तर ऐकणाऱ्याला वाटतं की नाचणारीनं मुद्दामच गिरकी आखूड घेतली.

ही पाच गाणी म्हणजे पहिला भाग. दुसरा भाग १९७५ साली तयार झाला आणि दोन्ही मिळून चार विभागांची सिम्फनी झाली. जपानी शाळांचं तर या पहिल्या भागावर भारी प्रेम. तिथल्या राष्ट्रीय बँडस्पर्धेत दोन रचनांना मिळून फक्त बारा मिनिटं मिळतात. त्यातली एक आयोजकांनी नेमून दिलेली. रीड यांची रचना एकटीच जवळपास अकरा मिनिटांची, त्यामुळे जपानी मास्तर तिला आधी कात्री लावतात आणि मग मुलांच्या हाती देतात. डेट्रॉइटच्या एका मास्तरांसाठी आर्मेनियाची गाणी, आणि ती पाठ करतोय जपानी पोरगा!

वर्गणी काढा, सिम्फनी मागवा

नवी रचना लिहून घेणं स्वस्त नसतं. मग शाळा काय करतात? तेच, जे आपण गणपतीत करतो. एरिक व्हिटेकर यांची 'ऑक्टोबर' ही रचना नेब्रास्का राज्यातल्या तीस शाळांच्या बँडनी मिळून लिहून घेतली आणि २००० साली ती वाजली. तीस शाळांत वाटला तर खर्च कुणालाच जड जात नाही. पावतीपुस्तक छापलं होतं की नाही, कल्पना नाही.

मास्तर म्हणाले, मोकळ्या हवेसारखं वाटतंय

ॲरन कोपलंड १९३८ मध्ये 'बिली द किड' या बॅलेच्या कामात बुडाले होते. न्यूयॉर्कच्या हायस्कूल ऑफ म्युझिक अँड आर्टमधले संगीताचे प्रमुख अलेक्झांडर रिक्टर त्यांना म्हणाले, आमच्या मुलांसाठी काहीतरी लिहा. कोपलंडनी बॅले बाजूला सारून ते लिहिलं. कच्चा खर्डा पियानोवर वाजवून दाखवला, तेव्हा रिक्टर सर म्हणाले की यात मोकळ्या हवेचा गुण आहे. झालं, रचनेचं नाव पडलं 'ॲन आउटडोअर ओव्हर्चर'. नंतर कोपलंडनी स्वतःच ती बँडसाठीही लिहिली. शाळेतल्या सरांच्या तोंडून सहज निघालेला शेरा आज जगभरच्या कार्यक्रमपत्रिकांवर छापला जातो.

३५ डॉलर फक्त

जॉन फिलिप सूझा म्हणजे अमेरिकी संचलनी संगीताचा सम्राट. त्यांचं 'द वॉशिंग्टन पोस्ट' तुम्ही ऐकलेलं आहेच, नाव ठाऊक नसेल एवढंच. सर्कस, परेड, कार्टून, सगळीकडे ते असतं. १८८९ साली एका वर्तमानपत्रानं शाळकरी मुलांची निबंधस्पर्धा घेतली, तिच्या बक्षीस समारंभासाठी ते लिहिलं गेलं. नाचणाऱ्यांनी ते उचललं आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांवर त्याचं वेड पसरलं. सूझांनी ते प्रकाशकाला एकरकमी ३५ डॉलरला विकून टाकलं होतं.

म्हातारपणी सूझा शाळकरी वादकांच्याच गोतावळ्यात रमले. मिशिगनमधल्या इंटरलोकनला जोसेफ मॅडी या शिक्षकांनी १९२८ मध्ये मुलांसाठी उन्हाळी संगीत शिबिर सुरू केलं होतं. १९३१ साली सूझांनी त्या शिबिराला आणि मॅडी यांना 'द नॉर्दर्न पाइन्स' हे संचलनगीत अर्पण केलं. पुढच्याच वर्षी सूझा गेले.

सरांच्या नावाचं सरगम

पाश्चात्त्य स्वरांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत, त्यामुळे संगीतकारांना नावं स्वरांत लपवायची जुनी खोड आहे. जर्मन पद्धतीत 'एच' हाही स्वर असतो. म्हणून तर बाख आपलं आख्खं आडनाव वाजवू शकले. फ्रँक टिकेली यांनी १९९१ साली हाच डाव केला. एच. रॉबर्ट रेनल्ड्स हे तेव्हा मिशिगन विद्यापीठाचे बँडगुरू होते. आई गेल्यावर तिच्या आठवणीसाठी त्यांनी टिकेलींकडे रचना मागितली, पण रडवी नको, आयुष्य साजरं करणारी हवी असं सांगून. आईचं नाव एथेल. टिकेलींनी जर्मन स्वरनावं आणि 'दो रे मी'ची भाषा यांची मिसळ करून या नावाची पाच स्वरांची चिमुकली धून बनवली आणि तिला धावायला लावलं. रचनेचं नाव 'पोस्टकार्ड'.

पुढे मिशिगनच्या शालेय बँडशिक्षकांच्या संघटनेनं याच रेनल्ड्स सरांच्या सन्मानार्थ टिकेलींकडून 'सँक्च्युअरी' लिहून घेतली. सर मूळचे हॉर्नवादक, म्हणून तिच्यात हॉर्नला मानाची जागा आहे. शिक्षकांनी मिळून आपल्या शिक्षकाला वाहिलेली ही रचना.

हा खेळ मराठीत करायचा तर आपण जास्त नशीबवान. आपली आडनावंच सुरात असतात. रेगे सर म्हणजे रे-ग. मगरे सर म्हणजे म-ग-रे, चक्क उतरते स्वर. पगारे बाई प-ग-रे. आणि निगम यांना तर गायकच व्हावं लागणार, नि-ग-म! कुलकर्णी, देशपांडे मंडळींनी मात्र टाळ्या वाजवाव्यात.

सावित्रीचे इंग्रज मास्तर

आता थोडं थांबू या, कारण पुढचे गृहस्थ घाईत उरकण्यासारखे नाहीत. गुस्ताव होल्स्ट. बँडवाल्यांचं हे कुलदैवत. १९०९ सालचा त्यांचा 'फर्स्ट सूट इन ई फ्लॅट' वाजवला नाही असा जाणता बँड सापडणं कठीण. सुरुवातीला आठ मापांची एक धून ट्यूबा आणि युफोनियम ही जाडजूड पितळी वाद्यं हळूच म्हणतात. मग तीच धून या वाद्याकडून त्या वाद्याकडे जात राहते, मधे एकदा तर उलटी, डोकं खाली पाय वर करून येते. एरवी कोपऱ्यात बसून 'भूं भूं' करणाऱ्या ट्यूबावाल्या पोराला इथे पहिला मान आहे. हे शिक्षकालाच सुचणार.

कारण होल्स्ट पोटापाण्यासाठी शिक्षक होते. लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये त्यांनी १९०५ पासून १९३४ साली मृत्यू येईपर्यंत शिकवलं. त्याआधी ट्रॉम्बोन वाजवून दिवस काढले. उन्हाळ्यात समुद्रकाठच्या 'व्हाइट व्हिएनीज बँड'मध्ये ते वाजवायचे. नाव व्हिएन्नाचं, माणसं इंग्लंडची. पांढरा पोशाख घालून लोकांसमोर परदेशी उच्चारात बोलायचं, अशी मालकाची सक्त ताकीद!

शाळेनं त्यांना १९१३ मध्ये नव्या इमारतीत बाहेरचा आवाज आत न येणारी एक खोली दिली. त्या उपकाराची फेड म्हणून त्यांनी शाळेच्या तंतुवाद्यवृंदासाठी 'सेंट पॉल्स सूट' लिहिला. मास्तरनं शाळेला दिलेली ही गुरुदक्षिणा, उलट दिशेची. त्याच खोलीत 'द प्लॅनेट्स' ही ग्रहमाला जन्माला आली. हाताच्या दुखण्यामुळे होल्स्टना फार लिहवत नसे. नोरा डे आणि व्हॅली लास्कर या शाळेतल्या दोन संगीतशिक्षिका मदतीला बसल्या, दोन पियानोंवर वाजवून दाखवलं, कागद उतरवून काढले. ग्रहांचं श्रेय एकट्या होल्स्टना देताना या दोन बाईंची नावं घ्यायची राहून जातात, म्हणून इथे घेतली.

आणि आता मराठी घरात शिरणारी गोष्ट. या माणसानं संस्कृत शिकून घेतलं. उपलब्ध इंग्रजी भाषांतरं आवडेनात म्हणून कोश समोर ठेवून ऋग्वेदातल्या सूक्तांची स्वतः भाषांतरं केली आणि त्यांना चाली लावल्या. 'सीता' नावाचा लांबलचक ऑपेरा लिहिला. मग १९०८ मध्ये 'सावित्री' लिहिला, छोटेखानी, तीनच पात्रांचा : सावित्री, सत्यवान आणि यम. १९१६ साली तो लंडनमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आला. वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळताना कुणाला वाटेल का, की मुलींच्या शाळेतल्या एका इंग्रज संगीतमास्तरानं हीच कथा ऑपेरात गायली आहे?

सर्वांत प्रसिद्ध बँडमास्तर भामटा होता

हॅरल्ड हिल. गावात येतो, पालकांना सांगतो की पोरं वाया चाललीत, बँड काढा. वाद्यांचे आणि गणवेशांचे पैसे घेतो आणि पसार व्हायच्या तयारीत असतो. स्वतःला एक सूर वाचता येत नाही; मुलांना सांगतो, नुसता विचार करा, वाजेल! ही मेरेडिथ विल्सन यांच्या 'द म्युझिक मॅन' या १९५७च्या संगीतिकेची गोष्ट. तिनं १९५८चा सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार चक्क 'वेस्ट साइड स्टोरी'च्या नाकावर टिच्चून नेला. विल्सन स्वतः तरुणपणी सूझांच्या बँडमध्ये बासरी वाजवायचे, त्यामुळे त्यांनी केलेली थट्टा घरातली होती.

भामटेपणा वगळला तर धंद्याचा भाग खराच होता. १९२३ साली शिकागोत अमेरिकी शाळांच्या बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, ती वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशांवर. पहिलं महायुद्ध संपून लष्करी बँड आटले होते, वाद्यांना नवं गिऱ्हाईक हवं होतं. ओहायोतल्या फॉस्टोरिया गावची शाळा जिंकली. कंपन्यांना बाजार मिळाला, शाळांना बँड. अशा सौद्यात कुणाचं नुकसान झालं म्हणावं?

आर्मस्ट्राँगचे डेव्हिससर

पुढे जॅझ गाजवणारा लुई आर्मस्ट्राँग अकरा वर्षांचा असताना नवीन वर्षाच्या आदल्या रात्री न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यात पिस्तुलाचा बार काढून बसला. पोलिसांनी धरलं, १९१३ उजाडताच रवानगी सुधारगृहात. तिथे पीटर डेव्हिस बँड शिकवायचे. पोरगं बदनाम वस्तीतलं, म्हणून सर आधी त्याच्यावर राग धरून होते. मग हळूहळू हातात डफली दिली, मग ड्रम, मग आल्टो हॉर्न, मग बिगुल आणि शेवटी कॉर्नेट. पुढे तर बँडचा म्होरक्याच केला. बँड मिरवत त्याच्या जुन्या वस्तीतून गेला तेव्हा लोकांनी टोप्या भरभरून पैसे टाकले, इतके की सगळ्यांना नवे गणवेश आणि वाद्यं आली. नोटा उडवणारे मामा जगात सगळीकडे असतात! १९३१ मध्ये आर्मस्ट्राँग नामवंत होऊन गावी आला, तेव्हा आवर्जून त्या सुधारगृहात जाऊन आला.

शिकागोच्या कॅप्टन वॉल्टर डायेट यांचं प्रकरण आणखी वरचं. ड्यूसेबल हायस्कूलमध्ये १९३५ ते १९६२ त्यांनी बँड शिकवला. जीन ॲमन्स, जॉनी ग्रिफिन असे जॅझमधले दादा त्यांच्या हाताखालून गेले. नंतर शहरातल्या एका शाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. २०१५ मध्ये ती शाळा बंद पडली, तेव्हा बारा जण उपोषणाला बसले, चौतीस दिवस. २०१६ मध्ये शाळा पुन्हा उघडली, कलाशिक्षणाची शाळा म्हणून.

खोट्या सरांची खरी सिम्फनी

'मिस्टर हॉलंड्स ओपस' हा १९९५चा सिनेमा. रिचर्ड ड्रेफस यांचे हॉलंड सर ओरेगनमधल्या शाळेत बँड शिकवतात, चार वर्षं शिकवून मग मोठा संगीतकार व्हायचं या बेतानं. चारची तीस होतात. मग शाळा पैसे वाचवायला संगीतच बंद करते. आपल्याकडे संगीताचा तास बंद करत नाहीत, त्या तासाला गणिताचे सर येऊन बसतात. शेवटच्या दिवशी सर सभागृहाचं दार उघडतात तर जुने विद्यार्थी वाद्यं घेऊन बसलेले, आणि स्टँडवर सरांची आयुष्यभर कपाटात पडलेली सिम्फनी. हा प्रसंग घाऊक रडवा आहे हे मला मान्य आहे. तरी मी दर वेळी रडते.

ती सिम्फनी खरं तर मायकल केमन यांनी लिहिलेली. सिनेमा संपल्यावर केमन यांना चैन पडेना. १९९६ मध्ये त्यांनी हॉलंड सरांच्याच नावानं संस्था काढली आणि गरजू शाळांना खरीखुरी वाद्यं द्यायला सुरुवात केली. आजवर हजारो वाद्यं मुलांच्या हातांत गेली आहेत, कधीच अस्तित्वात नसलेल्या एका मास्तरांच्या नावावर.

आणि आता पुन्हा वरातीकडे

गोव्यात माजोर्डा नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुखांच्या घरी १९२७ साली एक मुलगा जन्मला. मोठा होऊन तो मुंबईला आला, सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला, गाण्यांची वाद्यसंगती लिहू लागला आणि शिष्यांना व्हायोलिन शिकवू लागला. त्यातला एक मुलगा रामप्रसाद शर्मा या ट्रम्पेटवादकाचा. गुरुजींनी त्याला घडवलं. १९५८ मध्ये याच गुरुजींनी मुंबईत भारतीय वादकांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले आणि परतल्यावर गोव्यात गावी राहिले. मुंबईच्या झगमगाटाला त्यांचा विसर पडला.

शिष्याला नाही पडला. शिष्य म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल. १९७७ला 'अमर अकबर अँथनी' आला आणि अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभच्या तोंडी गुरुजींचं पूर्ण नाव गेलं : अँथनी गोन्साल्विस. संगीतशिक्षकांना वाहिलेल्या कुठल्याही रचनेपेक्षा हे नाव जास्त लोकांच्या ओठांवर असावं, अशी माझी पैज आहे. गुरुजी २०१२ मध्ये गेले.

लग्नसराईत आपले बँडवाले अजूनही हे गाणं वाजवतात. पुढच्या वरातीत त्यांनी ते धरलं, तर खुशाल नाचा, मामांना नोटाही उडवू द्या. शेजारी नाचणाऱ्याला तेवढं सांगा, हे एका व्हायोलिनच्या मास्तरांचं नाव आहे.